पियान पेर्दूतो : ‘हरवलेलं पठार’ का नको?

इटलीतल्या कास्तेल्लुच्चो या डोंगरी गावावरच्या एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकानं विचारलंय, की तिथल्या ‘पियान पेर्दूतो’ या जागेला ‘हरवलेलं पठार’ म्हटलं तर चालेल का? आणि गावाच्या नावापुढच्या ‘दि नोर्चा’चं काय करायचं?

माझ्या मते ‘पठार’ही नको आणि ‘हरवलेलं’ही नको.

आधी पठाराचं बघू. उंब्रिया प्रांतात, सिबिल्लिनी डोंगररांगांमध्ये, १४५२ मीटर उंचीवरच्या एका टेकाडावर हे गाव वसलंय. त्याच्या आसपास तीन सपाट भाग आहेत : पियानो ग्रांदे, पियानो पिक्कोलो आणि पियान पेर्दूतो. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास असलेली सपाट जमीन म्हटली की ‘पठार’ चटकन ओठांवर येतं. पण मराठीत आपण पठारावर चढून जातो, आणि त्याच्या कडेला उभं राहिलं की जमीन खाली उतरत जाते. कासचं पठार तसं आहे. इथे बरोबर उलट आहे. चहूबाजूंनी डोंगर, त्यात २४७६ मीटरचा वेत्तोरे, आणि मधे परातीच्या तळासारखी सपाटी. हा सगळा चुनखडीचा मुलूख. इथे एके काळी तळं होतं. आजही पियानो ग्रांदेवर वितळलेल्या बर्फाचं पाणी नदी होऊन बाहेर पडत नाही. मेर्गानी नावाच्या चराकडे ते वाहत जातं आणि तिथेच जमिनीत जिरतं. म्हणून ‘मैदान’ किंवा ‘सपाटी’ म्हणावं. ‘माळ’ शब्द मला फार आवडतो, पण माळ म्हटला की खडकाळ, पडीक जमीन डोळ्यांपुढे येते, आणि इथे तर शेती होते.

‘ग्रांदे’ म्हणजे मोठं आणि ‘पिक्कोलो’ म्हणजे लहान. त्यांच्यासाठी बुद्रुक-खुर्द वापरण्याचा मोह होईल, कारण जोडी अगदी तीच आहे. पण ती बिरुदं आपल्याकडे गावांना लागतात, मैदानांना नाही. ‘थोरलं मैदान’ आणि ‘धाकटं मैदान’ म्हणा, वाचताना कुठेच अडखळायला होत नाही.

आता पेर्दूतो. इटालियनमध्ये किल्ली, खेळ, लढाई, जमीन, काहीही ‘गेलं’ तरी हाच एक शब्द पुरतो. मराठीत मात्र प्रत्येक जाण्याला वेगळं क्रियापद आहे. किल्ली हरवते, कागद गहाळ होतो, सामना आपण हरतो, आणि वतन किंवा जमीन गमावतो. शिवाय ‘हरवणे’ दोन्हीकडे चालतं, किल्लीलाही आणि प्रतिस्पर्ध्यालाही. ‘हरवलेलं मैदान’ वाचणाऱ्याला धुक्यात दडलेली, वाट न सापडणारी जागा दिसेल. ती कल्पना सुंदर आहे, पण इतिहास तसा नाही.

इतिहास आहे चराईच्या भांडणाचा. नोर्चा आणि विस्सो ही दोन शेजारची गावं. दोघांचंही पोट मेंढ्यांवर, आणि या कुरणांच्या हद्दीवरून त्यांचं पिढीजात वैर. २० जुलै १५२२ रोजी या सपाटीवर दोघांची लढाई झाली. संख्येनं वरचढ असूनही नोर्चाची माणसं हरली, असं परंपरा सांगते, आणि मैदान विस्सोकडे गेलं. एका मेंढपाळ कवीनं या लढाईवर लांबलचक कवन रचलं. विस्सोच्या दृष्टीनं ते जिंकलेलं मैदान, पण रूढ झालं ते हरणाऱ्यांनी दिलेलं नाव. आजही पियान पेर्दूतो उंब्रियात नाही, शेजारच्या मार्के प्रांतात मोडतं. म्हणजे नोर्चाचं ते गेलं ते गेलंच.

‘गमावलेलं’ म्हटलं की कुणी गमावलं हा प्रश्न वाचकाच्या मनात आपसूक येतो, आणि या नावाला तोच प्रश्न हवा आहे. म्हणून ‘गमावलेलं मैदान’. पहिल्या उल्लेखात मूळ नाव देऊन १५२२ची हकिगत एका वाक्यात सांगून टाका.

‘दि नोर्चा’ म्हणजे नोर्चाचं. (उच्चार नोर्चाच, ‘नॉर्सिया’ नव्हे.) कास्तेल्लुच्चोला स्वतंत्र नगरपालिका नाही, कारभार नोर्चातून चालतो. कोकणात एका गावाच्या अनेक वाड्या असतात, तसलाच प्रकार. तरी मी ‘वाडी’ लिहिणार नाही, कारण त्या शब्दासोबत नारळी-पोफळीही येतात. ‘नोर्चाच्या हद्दीतलं कास्तेल्लुच्चो’ पुरे. गावाच्या नावाचा अर्थ द्यायचा झाल्यास ‘कास्तेल्लो’ म्हणजे किल्ला आणि पुढचा प्रत्यय लहानपणाचा. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : गढी.

न विचारलेल्या दोन गोष्टी. मूळ लेख जुना असेल तर क्रियापदांचा काळ तपासा. ३० ऑक्टोबर २०१६च्या ६.५ तीव्रतेच्या भूकंपात इथली बहुतेक घरं कोसळली, त्यामुळे ‘दगडी घरांची दाटी आहे’ हे वाक्य ‘होती’ असंच व्हायला हवं. पुढच्याच वसंतात शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर वर नेऊन पेरणी केली, ती मसुराची. त्या मसुराला १९९७पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. अनुवादात त्याला ‘डाळ’ म्हणू नका. साल इतकी पातळ असते की न भिजवता, सालीसकट शिजवतात. ‘अख्खा मसूर’ हा आपला तयार शब्द तिथे चपखल बसतो.