व्होल्ट-अँपिअरवरून रेझिस्टन्स काढताना

रेझिस्टन्सचं तुझं उत्तर चुकलं म्हणून घाबरू नकोस अरे, सूत्रं दोनच आहेत. व्होल्टेज (व्होल्टमध्ये) भागिले करंट (अँपिअरमध्ये) म्हणजे रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये, आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, वॅटमध्ये, बास. घोळ होतो तो आकडे घालताना.

१) मिलीअँपिअरचे आधी अँपिअर कर. २० मिलीअँपिअर म्हणजे ०.०२. तू करंटचे २० तसेच घातलेस म्हणून उत्तर हजारपट चुकलं, सगळ्यांचं चुकतं.

२) व्होल्टेज त्याच पार्टच्या दोन टोकांमधलं घ्यायचं, बॅटरीचं नाही. समज ९ व्होल्टची बॅटरी, एलईडीवर २ गेले, मग रेझिस्टरवर राहिले ७, ते भागिले ०.०२ म्हणजे ३५० ओहम, आणि पॉवर ७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.१४ वॅट, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर आरामात चालेल.

३) करंट मोजताना मीटर सिरीजमध्येच, म्हणजे सर्किट एका जागी तोडून त्या मधे, करंट मीटरमधूनच जाईल असा. मी पहिल्याच दिवशी थेट बॅटरीला लावला नि मीटरचा फ्यूज उडवला :)

आणि हो, फिलामेंटचा बल्ब थंड असताना मीटरने ओहम मोजलेस तर पेटलेल्या बल्बच्या व्होल्ट-अँपिअरवरून केलेल्या हिशोबापेक्षा फारच कमी दिसतील, तार तापली की रेझिस्टन्स वाढतो, मीटर बिघडलेला नसतो. एसी (घरातल्या प्लगची वीज) वगैरे सध्या राहू दे, आधी बॅटरीवरच चार-पाच सर्किटं करून बघ.