सेंट झालं म्हणजे पोचलं नाही

अगं,

काल रात्री तू सेंट फोल्डरचा स्क्रीनशॉट पाठवलास, खाली तुझी ती पीडीएफ जोडलेली, जी समोरच्यांना मिळालीच नाही, आणि वर एवढंच, "मी तर पाठवलं होतं, आता माझी काय चूक". वाचून तुझ्यासाठी वाईट वाटलं आणि खरं सांगते, रागही आला, कारण हेच वाक्य मी स्वतः किती वर्षं वापरलंय.

सेंट फोल्डर फक्त सांगतो की मेल तुझ्याकडून निघाला. पलीकडचा सर्व्हर 250 असं उत्तर (होकाराचा कोड) देतो म्हणजे त्याने मेल ताब्यात घेतला, पण पुढे तो इनबॉक्समध्ये टाकला, स्पॅममध्ये टाकला का क्वारंटाइनमध्ये (संशयित मेल वेगळे ठेवतात तिथे) अडकवला हे तुला कोणीही कळवत नाही. बाउन्स (मेल पोचला नाही असं सांगणारा उलट मेल) आला नाही म्हणून तू निर्धास्त राहिलीस आणि आठ दिवस गप्प बसलीस. आठ दिवस! एक फोन का नाही केलास?

स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलंस ते छान, पण त्याच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदींमध्ये) एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क लावलंयस का, म्हणजे मेल खरंच तुझ्या डोमेनवरून आलाय हे पलीकडच्याला तपासता येईल अशा तीन नोंदी? मेलचे मूळ नियम 1982 चे, पाठवणारा खरंच तोच आहे का हे तपासायची सोयच त्यात नव्हती, ही तिन्ही नंतर जोडली गेली, आणि ती नसली की फिल्टरला तू काय आणि तुझं नाव लावून मेल ठोकणारा भामटा काय, सारखेच. फेब्रुवारी 2024 पासून तर पर्सनल जीमेलवर पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी लागतंच, दिवसाला 5000 च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही. स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठव, 'शो ओरिजिनल' उघड, तिथे पास का फेल ते लिहिलेलं असतं. पण हे सगळं लावलंस तरी पोचल्याची हमी नाही, ते विचारूनच कळतं.

माझ्या टीममध्ये एक मुलगा होता. वडील आजारी म्हणून त्याने बदली मागणारा मेल मला केला आणि तो जंकमध्ये, म्हणजे स्पॅममध्येच, गेला. मी जंक बघतच नव्हते, कचरा कशाला चिवडायचा असं वाटायचं. त्याला वाटलं मॅडमनी उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही, त्याने परत विचारलं नाही, महिन्याभराने राजीनामा दिला. कारण मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. मी सगळ्यांना सांगितलं की फिल्टरने घात केला, आणि ते खोटं नव्हतं, पण फिल्टर काय माझा बॉस होता का? तेव्हापासून रोज सकाळी आधी स्पॅम बघते मग इनबॉक्स (जीमेल तर 30 दिवसांनी स्पॅममधलं कायमचं उडवतं), आणि महत्त्वाचं काही पाठवलं की फोन करून विचारते, मिळालं का. लोक म्हणतात मागे लागते. लागते! ज्याला त्रास होतो त्याला होऊ दे, मला दुसरा तसा मुलगा गमवायचा नाहीये.

आता तुझं दुसरं. कुठल्यातरी कंपनीचे मेल तुला येतायत, तुझ्याच नावाच्या दुसऱ्या कोणाचे, आणि तू म्हणतेस "मला काय करायचंय". तो टिंबांचा घोळ नाहीये, जीमेलच्या पत्त्यात टिंब असलं काय नसलं काय पत्ता एकच, तिकडे कोणीतरी पत्ताच चुकीचा भरलाय. म्हणजे तिकडेही कोणीतरी तुझ्यासारखंच पाठवलं म्हणून निश्चिंत बसलंय, आणि ते पोचलं नाही हे जगात फक्त तुला माहितीये.

मी एकदा पगारांची शीट बाहेरच्याच माणसाला पाठवली होती. नावाची पहिली तीन अक्षरं टाइप केली, ऑटोकम्प्लीटने दुसराच पत्ता भरला, मी घाईत सेंड केलं. त्या अनोळखी माणसाने दुसऱ्या दिवशी दोन ओळी लिहिल्या, चुकून आलंय, उघडलं नाही, डिलीट केलंय. त्या दोन ओळी आल्या नसत्या तर मला पत्ताच लागला नसता.

म्हणून ते मेल स्पॅम म्हणून मार्क करू नकोस, खऱ्या कंपनीच्या मेलबद्दल फिल्टरला उगाच चुकीचं शिकवशील. अटॅचमेंट उघडू नकोस, लिंक दाबू नकोस, मेलमधल्या नंबरवरही फोन नको, कारण तो फिशिंगही (फसवून माहिती काढून घेणारा मेल) असू शकतो. कंपनीची वेबसाइट स्वतः शोध, तिथल्या नंबरवर सांग की अमक्या विषयाचा मेल चुकीच्या पत्त्यावर येतोय, तो बदला. त्यांनी हो म्हटलं तरी पुढच्या आठवड्यात परत आला तर परत फोन कर.

आणि ज्यांना तुझी पीडीएफ मिळाली नाही त्यांना आज दुपारच्या आत फोन. स्क्रीनशॉट पाठवून भांडू नकोस, परत पाठवते म्हण, फोन चालू असतानाच पाठव, आणि त्यांना ती उघडल्याचं तुझ्या कानांनी ऐकल्याशिवाय ठेवू नकोस. ठेवलास की मला कर, मी वाट बघतेय.