कोरड्यात टोबलेली सरकी

प्रिय छकुली,

सप्रेम सलाम.

जूनमध्ये आपण गावाहून परत येत असताना तू मला विमानतळावर जो प्रश्न विचारलास, तो मी तेव्हा हसण्यावारी नेला. परंतु काल तुझ्या वहीत तोच प्रश्न पुन्हा लिहिलेला दिसला आणि मला माझी लाज वाटली. तू लिहिले आहेस : "पाऊस नव्हता, ढगसुद्धा नव्हते, तरी आबांनी सरकी टोबली आणि आजीने बांधावर डोळे मिटून प्रार्थना केली. शेजारच्या काकूंच्या देवघरात देव दिसतो, आपल्या घरी भिंतीवर नुसती अक्षरे आहेत. जो दिसतच नाही त्याच्याशी आजी कशी बोलते? आणि पाऊस आलाच नसता तर?"

भिंतीवरची ती अक्षरे बायबलातील इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातील पहिल्या वचनाची आहेत. आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी म्हणजे विश्वास, असे ते वचन सांगते. यातील 'भरवसा' हा शब्द आमच्याकडे रोजच्या वापरातला आहे. ज्याच्याकडून हंगामात बैलजोडी मागून आणता येते, त्याला आम्ही भरवशाचा माणूस म्हणतो. (भरवशाच्या म्हशीला टोणगा, अशी म्हणही आमच्याकडेच आहे, आणि आजी ती हसतहसत सांगते, पण म्हणून म्हैस विकल्याचे मी पाहिलेले नाही.) भरवसा माणसावर असतो, निकालावर नव्हे, हे ध्यानात ठेव, कारण तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

आता आबांच्या धूळपेरणीविषयी. पाऊस येण्याआधी कोरड्या रानात सरकी टोबली, म्हणजे कापसाचे बी एकेक करून मातीत खोचले, की पहिल्या पावसाचे पाणी थेट बियाला मिळते आणि पीक आठ-दहा दिवस आधी हाती येते, असा आबांचा हिशेब असतो. परभणीचे कृषी विद्यापीठ मात्र 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे दरवर्षी सांगते, आणि त्यांचेच म्हणणे शहाणपणाचे आहे : हलकी सर येऊन मग उघडीप पडली, तर अंकुर जळतो आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. तेव्हा आबांच्या पेरणीला विश्वास म्हणू नकोस. तो चाळीस वर्षांच्या अनुभवावर लावलेला डाव आहे, आणि थोडा हट्टही.

आजीची प्रार्थना वेगळी आहे, हे मला 2015 साली कळले. त्या वर्षी दोनदा पेरून दोन्ही वेळा रान करपले. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आले होते. त्या सबंध वर्षात आजी रोज दिवेलागणीला प्रार्थना करीत होती. मी इकडून फोनवर जरा रागानेच विचारले, "माय, तुझा देव ऐकतो तरी का?" ती चिडली नाही. तिने त्याच अध्यायातले तेरावे वचन वाचून दाखवले, ज्यात अब्राहाम, सारा आणि इतर पूर्वज वचनाचे फळ हाती न येताच, ते केवळ दुरून पाहून, विश्वासात मरण पावले असे लिहिले आहे. मग म्हणाली, "पाऊस मागायचा, पण पावसासाठी त्याला धरून नाही राहायचं." त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाला तिने मंदिरात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, चार शेर ज्वारी नेली. ती विकत आणलेली होती, हे मला आबांकडून नंतर समजले.

आपल्या घराण्याची सुरुवातही अशीच न दिसणाऱ्यावर झाली आहे. जालन्याजवळचे बेथेल तू पाहिलेस. निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर नारायण शेषाद्री यांनी ते वसवले. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेताना या तरुण ब्राह्मणाने घरदार व जात गमावली. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. बेथेलात पुढे जे आले, त्यांतील बहुतेक गावकुसाबाहेर राहणारे होते, ज्यांच्या पिढ्यांनी स्वतःच्या नावावर वावर पाहिले नव्हते. आपले पूर्वज त्यांतलेच. बेथेल म्हणजे देवाचे घर. बायबलात घर सोडून निघालेला याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपला आणि जागा झाल्यावर म्हणाला की परमेश्वर येथे असून मला ते ठाऊक नव्हते. त्या जागेला त्याने हे नाव दिले. तिथे मूर्ती नव्हती, छप्परही नव्हते.

राहिला देवघराचा प्रश्न. काकूंना नीट पाहिलेस का? आरती संपली की त्याही देवासमोर डोळे मिटून, हात जोडून उभ्या राहतात. त्यांचा मार्ग निराळा आहे आणि आजीचा निराळा, हे खरे. परंतु त्या क्षणी त्या काय पाहतात, ते त्यांनाच विचारायला हवे, मी सांगणे उद्धटपणाचे होईल.

आजी कशी बोलते, याचेही निम्मे उत्तर तिच्याकडेच आहे. आयतवारी सकाळी साडेआठला तिला फोन लाव. तिकडे सायंकाळचे सात वाजलेले असतील आणि ती प्रार्थनेला बसण्याच्या बेतात असेल. तिला थांबवू नकोस. फोन तसाच चालू ठेवून ऐक. ती तुझे नाव घेते की नाही, ते मला नंतर सांग.

तुझा,
पप्पा