खेडं त्याला हवंय, दिवस तुला काढायचेत

मावशी,

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली, नवरा भुदरगड तालुक्यातल्या खेड्यातला. लग्न 2019 च्या डिसेंबरात झालं. पहिली दोन वर्षं पुण्यात काढली, आता फ्रान्समध्ये तुलूझला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तो विमानाच्या कंपनीत इंजिनीअर आहे. मी घरी असते, मुलगा अडीच वर्षांचा आहे. नवऱ्याला शहराबाहेर, जेर्स नावाच्या जिल्ह्यात, एक जुनं दगडी घर आवडलंय. विहीर आहे, अक्रोडाचं झाड आहे, मागं थोडी शेतजमीन आहे. पाव मिळायचं दुकान सात किलोमीटरवर. तो म्हणतो, "आपल्या गावासारखंच आहे गं." तो आढ्याची लाकडं बघत होता आणि मी मोबाईलला रेंज आहे का ते. मला गाडी येत नाही, फ्रेंचही जेमतेम. मामंजी गावाकडची जमीन विकून पंचवीस लाख द्यायला तयार आहेत आणि सासूबाई म्हणतात, "मोठं घर घ्या, आम्ही येऊन राहतो." एजंट या महिन्यात सही करा म्हणून मागं लागलाय. मावशी, खिडकी उघडली की माणूस दिसलं पाहिजे अशी माझी सवय. ह्याला नको म्हणून तुम्हीच समजवा.

– पेठेतली लेक

*

पोरी,

त्याला मी समजवणार नाही. तुमच्या दोघांत मी कोल्हापुरात बसून निवाडा दिला तर तो तुलाही पटणार नाही आणि त्यालाही. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट आहे जी तू लिहिलीस आणि तशीच पुढं गेलीस: तू घरी असतेस. म्हणजे तो सकाळी सातला गाडी काढणार आणि अंधार पडल्यावर परत येणार. खेडं त्याच्या वाट्याला शनिवार-रविवार, तुझ्या वाट्याला सोमवार ते शुक्रवार. निवड तो करतोय आणि दिवस तू काढणार आहेस. भांडण करायचंच असेल तर या मुद्द्यावर कर. अक्रोडाच्या झाडावर कशाला?

त्याचं "आपल्या गावासारखंच" मला खोटं वाटत नाही. भुदरगडातनं तिकडं गेलेल्या माणसाला डोंगरउतार, विहीर, मातीचा वास दिसला की पोटात कालवणारच. पण त्याच्या गावात सकाळी दारात कुणीतरी ताक घेऊन यायचं, चुलती हाक मारायची, तिन्हीसांजेला देवळाच्या कट्ट्यावर पाच माणसं असायची. विहिरीमुळं ते गाव नव्हतं. जेर्समधली जुनी शेतघरं टेकड्यांवर सुटीसुटी असतात, शेजारी म्हणजे दूरवर दिसणारं एक छप्पर. हिवाळ्यात साडेपाचला अंधार पडतो आणि खिडक्यांची लाकडी झडपं लागली की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आपल्याकडची माणसं पन्हाळा रोडला हौसेनं फार्महाऊस बांधतात आणि वर्षातनं दोनदा जाऊन कोळिष्टकं झाडून येतात. त्यांचं बरं, त्यांना रोज तिथं राहायचं नसतं.

म्हणून त्याच्यापुढं एक गोष्ट ठेव. त्या भागात सुट्टीसाठी भाड्यानं मिळणारी घरं असतात, थंडीत ती ओस पडलेली असतात आणि दरही उतरतात. येत्या नोव्हेंबरात त्याच पंचक्रोशीतलं असं एक घर महिनाभर भाड्यानं घ्या. त्यातला एक आठवडा त्यानं रजा काढायची, गाडीची किल्ली तुझ्याकडं द्यायची आणि पोराला घेऊन घरात राहायचं. लाकडं त्यानं आणायची, ओल्या भिंतीपाशी कपडे त्यानं वाळत घालायचे, दूध संपलं तर काय करायचं तेही त्यानंच ठरवायचं. आठवड्यानंतरही तो हवंय म्हणाला तर मी त्याच्या बाजूची.

आता तुझा कान धरते. तुलूझसारख्या शहरात इतकी वर्षं राहून फ्रेंच जेमतेम, हे बरं नव्हे. घर घ्या किंवा घेऊ नका, भाषा लागणारच आहे. तिथल्या दहा वर्षांच्या रेसिडेंट कार्डाला 2026 पासून बी-1 पातळीची, म्हणजे रोजचे व्यवहार जमतील इतकी, फ्रेंच मागतात आणि नागरिकत्वाला त्याच्या वरची बी-2. गाडीचंही तसंच. आपलं लायसन्स तिथं राहायला गेल्यावर एकच वर्ष चालतं, आणि तुझ्याकडं तर तेही नाही. लेखी परीक्षेत 40 प्रश्न, त्यातले 35 बरोबर यावे लागतात, आणि प्रश्न फ्रेंचमध्येच. म्हणजे एका अभ्यासात दोन कामं. हे त्याच्यासाठी करू नकोस. तुलूझमध्येच राहिलीस तरी मेट्रोच्या पलीकडं तुला स्वतःच्या जिवावर जाता आलं पाहिजे.

एक गोष्ट तुझ्या बाजूनं आहे, ती तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. फ्रान्समध्ये 2019 पासून तिसऱ्या वर्षापासूनच शाळा सक्तीची आहे. तुझा मुलगा आणखी थोड्या महिन्यांत शाळेत जाईल. आणि परक्या गावात बाईची ओळख शाळेच्या फाटकापाशीच होते, मग ते गाव गारगोटी असो की जेर्समधलं. म्हणून घर बघायच्या आधी शाळा बघा. लहान गावांत दोन-तीन गावं मिळून एक शाळा चालवतात, मुलं कमी झाली की वर्ग बंद होतो. गावच्या कचेरीत, म्हणजे मेरीत जाऊन विचारायचं: शाळा टिकणार आहे का, बस घरापर्यंत येते का, डॉक्टर नवीन पेशंट घेतो का. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. खेड्यापाड्यांत डॉक्टरांची टंचाई तिथंही आहे आणि असलेले बरेच डॉक्टर नवीन नाव लिहून घेत नाहीत.

एजंटाची घाई एजंटापाशी राहू दे. तिथं आधी प्राथमिक करार होतो, साधारण 10 टक्के रक्कम ठेवतात, आणि सही झाल्यावर घेणाऱ्याला 10 दिवस मिळतात. तेवढ्यात कारण न देता मागं फिरता येतं. कर्ज मिळालं तरच व्यवहार, ही अट करारात घालून घ्या, म्हणजे बँकेनं नाही म्हटलं तर ठेव परत मिळते. बँक हप्ता उत्पन्नाच्या 35 टक्क्यांपुढं सहसा जाऊ देत नाही आणि मुदत 25 वर्षांपर्यंतच. घराच्या किमतीवर नोटरीचा (तिथं खरेदीखत तोच करतो) आणि सरकारचा खर्च जुन्या घराला 7 ते 8 टक्के येतो, तो बजेटमध्ये धरलाय का ते विचार.

आणि सांडपाणी! दगडी घराच्या नादात हे कुणी बघत नाही. खेड्यातल्या सुट्या घरांना सहसा ड्रेनेज लाइन नसते, घराची स्वतःची टाकी असते. विकणाऱ्याला तिचा तीन वर्षांच्या आतला तपासणी अहवाल द्यावा लागतो. टाकी नियमात बसत नसेल तर घेणाऱ्यानं वर्षाच्या आत दुरुस्त करायची, आणि ते काम हजारो युरोंचं असतं. आपल्याकडं 2019 आणि 2021 च्या पुरानंतर प्लॉट घेताना माणूस पहिल्यांदा पूररेषा विचारतो. तिथं धोक्याचा कागद विकणाऱ्यानंच द्यायचा असतो, तो नीट वाचा. जेर्सची माती चिकणी आहे, आपल्या काळ्या रानासारखी उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. दुष्काळी सालानंतर तिथल्या कितीतरी घरांच्या भिंती तडकल्यात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग दिसली आणि वरनं नवाकोरा रंग असला, तर पुढचं घर बघायचं. मागच्या शेतजमिनीमुळं आणखी एक खोळंबा होऊ शकतो. साफेर नावाची संस्था आहे, शेतजमिनीच्या व्यवहारात तिला आधी खरेदीचा हक्क असतो, आणि तिचं उत्तर यायला दोन महिने जाऊ शकतात.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती खरेदीखतावरच्या नावाची. तुमचं लग्न 2019 च्या डिसेंबरातलं. त्या साली जानेवारीच्या अखेरीपासून लागू झालेल्या युरोपच्या नियमानुसार, लग्नानंतरचं पहिलं बिऱ्हाड ज्या देशात, तिथला कायदा नवरा-बायकोच्या मालमत्तेला लागतो. तुमचं पहिलं बिऱ्हाड पुण्यात. आपल्याकडं लग्नानंतर घेतलेलं आपोआप दोघांचं होत नाही. म्हणजे त्याच्या एकट्याच्या नावावर घर झालं तर ते त्याचं. उद्या देव न करो काही झालं तर फ्रेंच वारसा कायद्यात मुलाचा हिस्सा राखीव असतो. तुला एक चतुर्थांश मालकी किंवा हयातभर वापराचा हक्क, यातलं एक निवडावं लागतं. तेव्हा खरेदीखतात तुझं नाव आणि तुझा हिस्सा लिहून घ्यायचा. नोटरी हे विचारतोच. त्या वेळी तू दुभाषा घेऊन समोर बस, स्वयंपाकघरात नको. घरामुळं तिथं राहायचा परवाना मिळत नाही, हेही नवऱ्याला आठवण करून दे. परवाना त्याच्या नोकरीवर आहे.

मामंजींच्या पंचवीस लाखांचं. पैसे पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे. पण 10 लाखांच्या वर 20 टक्के कर बँक आधीच कापून घेते. म्हणजे मामंजींचे तीन लाख अडकणार, आणि शेतकरी माणसाला ते सोडवायला रिटर्न भरावं लागणार. फ्रान्समध्येही बक्षीस म्हणून जाहीर करावं लागू शकतं, तरी आईबापांकडून प्रत्येकी एक लाख युरोपर्यंत 15 वर्षांत कर बसत नाही. हे सगळं जमेल. पण जमीन वडिलोपार्जित असेल तर नणंदांचाही त्यात हक्क आहे, 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीला मुलाइतकाच. त्यांना विचारलंय का? माझं विचारशील तर ती जमीन विकू देऊ नका. ज्या घराचा हप्ता तुम्हाला स्वतःला झेपत नाही ते घर तुमचं नाही, आणि त्या पंचवीस लाखांनी पुढची तीस वर्षं "आमच्या पैशानं घेतलंय" हे वाक्य तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसेल.

सासूबाईंना साध्या व्हिसावर दर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर वेगळा व्हिसा, स्वतःच्या उत्पन्नाचा पुरावा, विमा, आणि या वयातला विमा महाग. "येऊन राहतो" म्हणजे फार तर वर्षातले काही महिने, तेवढ्यासाठी चार खोल्या वाढवून हप्ते भरू नका. आणि हे तू त्यांना सांगू नकोस. सुनेच्या तोंडून ते "येऊ नका" असं ऐकू जाईल. ज्याला गाव आठवतंय, त्यानंच आईला फोन लावावा.

– मावशी