आमच्या पऱ्ह्यावर झुलता पूल होईल का?

प्रश्न : वाडी संगमेश्वर तालुक्यात. पावसात पऱ्ह्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव वाहून गेला की पोरांची शाळा बंद. झुलता पूल जमेल का, जांभ्यात टिकेल का?

उत्तर : जमतो, आणि साकवापेक्षा बराच टिकतो, कारण मधे पाण्यात खांबच नसतो, पुरातले ओंडके खालून निघून जातात. कर्नाटकात सुळ्यचे गिरीश भारद्वाज, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर, त्यांनी १९८९ मध्ये आरंबूरला पयस्विनी नदीवर असा पहिला पूल बांधला, पुढे शंभराच्या वर बांधले, २०१७ साली पद्मश्री मिळाली. नेपाळात तर असे हजारो आहेत. दोन्ही काठ उंच असले तर टॉवर, म्हणजे केबल उचलून धरणारे काठावरचे खांब, लागतच नाहीत, केबल थेट काठाकाठाला बांधतात, बरंच स्वस्त पडतं. सखल काठ असेल तर टॉवर आलेच.

जांभ्याची काळजी मात्र रास्त आहे. सगळा ताण शेवटी अँकरवर, म्हणजे केबलचं टोक काठात जखडतो त्या जागेवर, येतो आणि जांभा सच्छिद्र, ठिसूळ, त्यात नुसता रॉड ठोकून भागत नाही, खाली पक्का कातळ लागेपर्यंत खणा नाहीतर काँक्रीटचा वजनदार ब्लॉक घाला, हे इंजिनीअरकडूनच करून घ्या प्लीज. केबल गॅल्वनाइज्डच (जस्ताचा मुलामा दिलेली) हवी, आपली हवा लोखंड खाते. दर पावसाआधी केबलचे क्लॅम्प घट्ट आहेत का ते बघायला वाडीतलाच कुणीतरी नेमा.