देवीचा रोग जगातून गेला, मग अमेरिका अजून त्याच्या लशीचा साठा का ठेवते?

कारण रोग गेला, विषाणू नाही. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचं उच्चाटन जाहीर केलं, तरी अमेरिकेतल्या अटलांटा आणि रशियातल्या कोल्त्सोवोच्या प्रयोगशाळांत तो अजून गोठवून ठेवलेला आहे. तो भलत्याच्या हाती लागला तर? माझ्या आईच्या दंडावर देवी काढल्याचा गोल वण आहे, माझ्या नाही. म्हणजे आमची पिढी उघडीच. २००१ मध्ये अमेरिकेत कुणीतरी टपालाने अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू घातलेली पत्रं पाठवली, त्यानंतर अमेरिकेने प्रत्येक नागरिकाला पुरेल इतकी लस साठवली.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट: संसर्ग झाल्यावरही ३-४ दिवसांत ही लस टोचली, तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. त्यामुळे रुग्णाच्या संपर्कातली माणसं शोधून टोचली की साखळी तुटते. भारतातून देवी अशाच हद्दपार झाल्या.