मासे कापायच्या सुरीची मूठ

लाकडी मुठीवर बारीक जाळी कोरू नका. माशाचा बुळबुळीत चिकटा आणि खवले तिच्यात बसतात, मग मूठ पुन्हा निसरडी. त्रिकोणी कानशीने आडव्या, किंचित तिरक्या खाचा पाडा: खोली साधारण 1 मिमी, अंतर 4–5 मिमी. हात लांबीच्या दिशेने घसरतो, त्यामुळे उभ्या खाचा कामाच्या नाहीत. टोकं उघडी ठेवा, पाणी निघून जायला हवं. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने खाचांच्या कडा बोथट करा, नाहीतर तळहाताला फोड येतात. व्हार्निश नको, त्याने खाचा बुजतात. त्याऐवजी जवसाचं तेल पातळ चोळून जास्तीचं पुसा. कोकणातल्या दमट हवेत ते वाळायला वेळ लागतो, घाई नको. आणि पात्याजवळ बोट अडेल असा उंचवटा हवाच! खाचा कितीही चांगल्या असल्या तरी पुढे सरकलेलं बोट त्या थांबवत नाहीत.